पुन्हा सुरू होण्याआधी

बंद पडलेला संगणक दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. बटण दाबलं तरी पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. बिघाड जागच्या जागी थांबलेला असतो. त्याच्याजवळ बसायचं, वीज कुठवर पोचते आहे ते पाहत एकेक टप्पा पुढे सरकायचं. खरी परीक्षा पाहतो तो आपोआप रीस्टार्ट होणारा संगणक. काम चालू असताना पडदा एकाएकी काळा होतो, पंखे क्षणभर मंदावतात, पुन्हा घुमू लागतात, कंपनीचं चिन्ह उमटतं आणि मिनिट-दोन मिनिटांत सगळं पुन्हा हजर. चित्रं तीच, फायली त्याच. आपण लिहीत होतो तेवढं मात्र गेलेलं असतं. का गेलं, हे शोधायला बसावं तर समोर धडधाकट यंत्र उभं. बिघाड आपल्या खुणा पुसून निघून गेलेला असतो.

मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही तात्यापाऱ्यातलं जुनं घर सोडून नव्या रायपुरात, सेक्टर २७ मध्ये राहायला आलो. तात्यापारा म्हणजे जुन्या रायपुरातली मराठी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात या मुलखात आलेल्या आणि इथलेच झालेल्या घरांची. तिथे दारातून हात लांबवला की शेजाऱ्याच्या ओट्याला लागायचा. इथे रस्ते इतके रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. पण हे शहर रिकाम्या माळावर उभं राहिलेलं नाही. दोन सेक्टरांच्या मधे एखादं जुनं गाव अजून नांदतं आहे: राखी, चीचा, उपरवारा, कयाबांधा. गावाचं तळं, तळ्याकाठचा पिंपळ, लाल मुरमाची भाठा जमीन, आणि त्यापलीकडे लगेच काचेच्या इमारती. अशाच एका गावात एक चॉइस सेंटर आहे. पत्र्याची पुढची पडवी, आत एक टेबल, संगणक, प्रिंटर, अंगठा लावायचं यंत्र. आयटीआयला संगणकाचा ट्रेड करून आलेला गावातलाच एक मुलगा ते चालवतो. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला. शेताचा बी-१ आणि पी-२ चा उतारा. पेन्शनसाठी हयातीचा पुरावा. माणसाला सरकारदरबारी जे जे सिद्ध करावं लागतं, ते सगळं त्या टेबलावरून जातं.

त्याचा संगणक अधूनमधून रीस्टार्ट होत होता.

घरी हे घडलं तर चिडचिड होते, तिथे ते घडलं की कुणाचा तरी दिवस जातो. अर्ज भरून झालेला, अंगठा लावून झालेला, पावती छापायची एवढंच राहिलेलं आणि पडदा काळा. अर्ज पोचला की नाही, पैसे कापले गेले की नाही, काहीच कळायला मार्ग नाही. समोरच्या बाकावरची म्हातारी विचारते, ‘का होगे, बाबू?’ मुलगा म्हणतो, ‘फेर चालू होवत हे, दाई.’ तिनं विचारलेलं असतं काय झालं. त्याला सांगता येतं एवढंच, की पुन्हा चालू होतं आहे. मी एकदा माझ्या पेन्शनच्या कामासाठी तिथे बसले असताना हा संवाद ऐकला आणि मला राहवलं नाही. विद्यार्थ्यांना जे आयुष्यभर शिकवलं, ते इथे उपयोगी पडणार नसेल तर कुठे पडणार?

त्यानं आधीचा सगळा इतिहास सांगितला. शहरातल्या दुकानात सीपीयू दोनतीनदा नेऊन झाला होता. तिथे तो दिवसभर नीट चालायचा. तरी प्रत्येक वेळी काही ना काही केलं जायचं: फॉरमॅट मारला, रॅम बदलली, व्हायरस होता म्हणून सांगितलं. केंद्रात परत आणला की काही दिवस बरा, मग पुन्हा तेच. फॉरमॅट मारला हे शब्द आपल्याकडे किती सहज उच्चारले जातात! डिस्क पुसायची, विंडोज नव्यानं घालायची, यंत्र कोरं करून परत द्यायचं. पण त्या पुसण्यात यंत्रानं स्वतःच्या पडझडीची ठेवलेली नोंदवहीही जाते. जो एकमेव साक्षीदार होता, त्याचीच जबानी खोडून टाकायची आणि मग चोर सापडत नाही म्हणून हळहळायचं. आपोआप होणारा रीस्टार्ट जे काही सेकंदांत करतो, तेच फॉरमॅट अधिक पूर्णपणे करतो. दोन्हींत यंत्र ताजं होतं आणि कारण जिथल्या तिथे राहतं.

म्हणून मी पहिली गोष्ट केली ती दुरुस्तीची नव्हती. विंडोजच्या सेटिंगमध्ये, गंभीर चूक झाल्यास आपोआप रीस्टार्ट व्हावं अशी एक खूण आधीपासून केलेली असते. एक्सपीच्या काळापासून ती तशीच आहे. ती काढून टाकली. आता विंडोजच्या आतून काही मोडलं तर यंत्र निळ्या पडद्यावर थांबेल, चुकीचं नाव दाखवील आणि आपण बटण दाबेपर्यंत तसंच राहील. मुलगा जरा घाबरला. ‘मॅडम, मग तर ते बंदच राहील ना?’ हो, राहील. पडलेल्याला लगेच उभं करण्याची घाई केली की तो कशाला अडखळला ते दिसत नाही.

दुसरं, विंडोजची घटनांची नोंद उघडली. शेवटच्या फॉरमॅटनंतरचीच पानं त्यात होती, पण तेवढी पुरली. प्रत्येक रीस्टार्टपाशी लाल खूण आणि तेच नाव: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. इंटरनेटवर हा क्रमांक शोधला की शेकडो उपाय सापडतात आणि माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात तो क्रमांक एवढंच सांगतो, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो कारण नाही, पंचनामा आहे. मात्र पंचनाम्याच्या तपशिलात एक रकाना असतो, निळ्या पडद्यामागच्या चुकीचा क्रमांक लिहायचा. इथे त्या रकान्यात दर वेळी शून्य होतं. याचा अर्थ विंडोजला चूक झाल्याचं कळलंच नव्हतं. लिहायला सवडच मिळाली नव्हती. बहुधा पायाखालची वीजच क्षणभर सरकली होती. व्हायरस, खराब झालेली फाइल, चुकीचा ड्रायव्हर यांच्याकडे जाणाऱ्या वाटा एका शून्यानं जवळजवळ बंद केल्या.

यंत्राच्या आत वीज आणि मेंदू यांच्यात एक करार असतो. संगणकाच्या खोक्यात मागच्या बाजूला असतो तो एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या धारा तयार करतो. पिवळी तार बारा, लाल पाच, नारिंगी तीन पूर्णांक तीन. पण बटण दाबल्या दाबल्या प्रोसेसर काम सुरू करत नाही. एसएमपीएस आधी स्वतःच्या धारा स्थिर झाल्या का ते पाहतो आणि मग एका करड्या तारेवरून मदरबोर्डला कळवतो, की आता वीज भरवशाची आहे. या निरोपाला सेकंदाचा एक दशांश ते अर्धा भाग लागतो. तो येईपर्यंत प्रोसेसर थांबलेला असतो. चालू असताना हा निरोप खंडित झाला, तर बोर्ड प्रोसेसरला पुन्हा सुरुवातीच्या जागी नेऊन उभा करतो. आपण ज्याला रीस्टार्ट म्हणतो तो पुष्कळदा हाच आज्ञाधारकपणा असतो. डळमळत्या विजेवर चुकीचं गणित करण्यापेक्षा हातातलं टाकून द्यावं, असं त्याला शिकवलेलं आहे. चुकीचा आकडा खरा म्हणून लिहिला जाण्यापेक्षा अर्ज पुन्हा भरावा लागणं परवडलं. हे समजलं की यंत्रावरचा राग निवतो आणि लक्ष योग्य ठिकाणी जातं: याला भरवसा वाटू नये असं काय घडत असावं?

उन्हाळा होता. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नौतपाचे ऐन कडक उन्हाचे दिवस तर अंगावर येतात. साहजिकच सगळ्यांचा पहिला संशय उष्णतेवर. खोकं उघडलं तर आत मुरमाची लाल धूळ प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखी बसली होती. ती काढली, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. करायलाच हवं होतं, पण मला वाटत नव्हतं की चोर तिथे आहे. प्रोसेसर तापतो तेव्हा तो आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर बहुतेक वेळा सरळ बंद होतो. थोडा निवल्याशिवाय नीट चालत नाही. पडता क्षणी पुन्हा ताजातवाना होऊन उठणं हे उष्णतेचं लक्षण कमी, विजेचं जास्त. बोर्डावरचे कपॅसिटर पाहिले. या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत सदोष रसायनाचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसवले गेले होते आणि त्यांच्या फुगलेल्या डोक्यांनी हजारो संगणक असेच आजारी पडले होते. इथली डोकी सपाट होती. रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ रबरानं पुसले, पुन्हा घट्ट बसवली, रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली. सकाळी एकही चूक नाही. पुढच्या पॅनलवरचं रीसेटचं बटण अडकून राहतं का, तेही तारा काढून पाहिलं. नव्हतं अडकत.

या सगळ्यात एकच नियम मी पाळत होते आणि मुलाला पाळायला लावत होते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग वाट पाहायची. रॅम, पेस्ट, विंडोज, केबल एकदम बदललं आणि संगणक बरा झाला, तर आपल्याला एक चालता संगणक मिळतो, ज्ञान काहीच मिळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागतं. एकेक बदलण्यात वेळ जातो, पण त्या वेळात जे कळतं ते आपल्याजवळ राहतं.

वाट पाहण्याच्या या कामाचं सर्वांत सुंदर उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १९९७ च्या ४ जुलैला पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं. फोटो येऊ लागले, जग हरखून गेलं, आणि काही दिवसांतच त्या यानावरचा संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. तिथे पेचकस घेऊन जाणारं कुणी नव्हतं. संदेश पोचायलाच दहाएक मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत अभियंत्यांनी यानाचा जुळा संगणक चालू केला आणि तसाच रीस्टार्ट पृथ्वीवर घडवून आणेपर्यंत ते त्याच्यापाशी बसून राहिले. अखेर तो घडला. कारण असं निघालं: हवामानाची नोंद घेणारं एक दुय्यम काम माहितीच्या वाटेची किल्ली स्वतःकडे ठेवून असायचं, तेवढ्यात मधल्या पायरीचं एक लांबलचक काम येऊन त्या दुय्यम कामाला थोपवायचं, आणि एक फार महत्त्वाचं काम किल्लीची वाट पाहत ताटकळायचं. ते वेळेत झालं नाही हे पाहून पहाऱ्यावरची यंत्रणा सगळंच नव्यानं सुरू करायची. धाकट्याच्या हातातल्या किल्लीपायी थोरला अडकला होता. उपाय छोटा होता. किल्ली धरून असलेल्या कामाला तेवढ्या वेळापुरतं थोरल्याचं महत्त्व द्यायचं, ही सोय प्रणालीत होतीच, फक्त बंद ठेवलेली. पृथ्वीवरून ती चालू केली गेली आणि यान नीट काम करू लागलं.

या गोष्टीत मला दोन तपशील फार मोलाचे वाटतात. एक म्हणजे घटनांचा माग ठेवणारी सोय त्या लोकांनी यानाच्या प्रणालीतून उड्डाणाआधी काढून टाकली नव्हती. तिच्यामुळेच कारण सापडलं. दुसरा असा, की उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही असे रीस्टार्ट एकदोनदा झाले होते. पुन्हा घडवता आले नाहीत म्हणून ते कुठल्या तरी सुट्या भागाचा क्षणिक दोष समजून बाजूला ठेवले गेले. जगातली उत्तमोत्तम माणसंही, पुन्हा सुरू झालं आहे ना, मग चालू द्या, या मोहात पडतात. मग आपल्या गावातल्या दुकानदाराला काय बोल लावायचा?

अर्थात नव्यानं सुरू होण्यानं माणसं तारलीही आहेत. १९६९ च्या २० जुलैला चंद्रावर उतरताना अखेरच्या मिनिटांत अपोलो ११ च्या संगणकावर १२०२ हा इशारा उमटू लागला. एका रडारकडून येणाऱ्या निरर्थक सूचनांनी त्याचा वेळ खाल्ला जात होता. कामं आवरेनाशी झाली की तो संगणक हातातलं सगळं सोडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि क्षणात यान सांभाळण्याचं मुख्य काम जिथे होतं तिथून पुढे चालू करायचा. बिनमहत्त्वाची कामं गळून जायची. हे आपोआप झालेलं नव्हतं. एमआयटीतल्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक महत्त्वाचं काम कुठवर आलं याची नोंद पावलोपावली ठेवायची व्यवस्था आधीच करून ठेवली होती. म्हणजे रीस्टार्ट तोच, काळा पडदा तोच. एका ठिकाणी तो सगळं विसरतो आणि दुसऱ्या ठिकाणी काय विसरायचं नाही हे जाणतो. हा फरक मला पुढे फार दूरवर घेऊन गेला.

गावात परत यायचं तर आम्हाला आमची नोंदवही हवी होती. यंत्र स्वतःची लिहीत होतंच, पण तिला खोलीत काय चाललं आहे ते दिसत नाही. मी मुलाला एक रजिस्टर घालायला सांगितलं. रीस्टार्ट झाला की वेळ लिहायची, त्या क्षणी काय काम चालू होतं ते, कूलर चालू होता का, लाइट डाऊन होती का, किती माणसं बसली होती. त्यानं ते मनापासून केलं. मोठ्या, गोल अक्षरांत, हिंदीत. काही आठवड्यांनी आम्ही दोघं ते पान पाहत बसलो आणि दोन गोष्टी उघड झाल्या. जवळपास प्रत्येक नोंद दुपारची होती. आणि प्रत्येक नोंदीत छापण्याचं काम होतं. पण छापण्याच्या प्रत्येक वेळी रीस्टार्ट होत नव्हता. सकाळी गर्दी असताना कागदांमागून कागद निघायचे आणि काहीही व्हायचं नाही. रीस्टार्ट व्हायचा तो दुपारी केंद्र रिकामं पडल्यावर एकट्यानं आलेल्या माणसाच्या वेळी.

हे वाचल्यावर मी उठून यूपीएसच्या मागे पाहिलं. संगणकाबरोबर लेझर प्रिंटरही यूपीएसलाच जोडलेला होता.

लेझर प्रिंटरमध्ये कागदावर पडलेली काळी भुकटी पक्की बसवण्यासाठी एक रूळ असतो, तो दोनशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. काम नसताना प्रिंटर झोपतो, रूळ थंड होतो. बऱ्याच वेळानं पहिला कागद आला की त्याला पुन्हा तापवण्यासाठी काही क्षण आठशे-हजार वॉट ओढले जातात. सहाशे व्हीएचा घरगुती यूपीएस पेलतो जेमतेम साडेतीनशे वॉट. एरवी मेन्सची वीजच त्याच्यातून पलीकडे जात असते म्हणून हे खपून जातं. पण दुपारी गावातले सगळे कूलर आणि पंप चालू असताना मल्टिमीटर १८० व्होल्टच्या आसपास दाखवत होता. रात्री चाचणी लावली होती तेव्हा तो २३० दाखवत होता. खांबापासून आलेली तार लांब आणि जुनी, बोर्डातला एक जोड सैल. प्रिंटर जागा होई, व्होल्टेज आणखी खाली जाई, यूपीएसला वाटे लाइट गेली, तो सगळा भार बॅटरीवर घेई. आणि बॅटरी थकलेली. शिसं-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या हवेसाठी बेतलेली असते. दर दहा अंशांनी तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. पत्र्याखालच्या खोलीत तिनं किती दिवस काढायचे? ती बसकण मारी. एसएमपीएसजवळ वीज नसताना तग धरायला असतात सेकंदाचे सोळा हजारांश भाग, आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. ते संपत, करड्या तारेवरचा निरोप तुटे आणि प्रोसेसर आपल्या कराराला जागून पहिल्यापासून सुरुवात करी.

संगणक निर्दोष होता. दुकानातला तंत्रज्ञ खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे खरंच रीस्टार्ट होत नव्हता. प्रिंटर निर्दोष. कमी व्होल्टेजवर एकटा संगणक चालला असता, थकल्या बॅटरीवरही सकाळी भागलं असतं, सैल जोड वर्षानुवर्षं तसाच होता. या सगळ्यांची गाठ दुपारी, एका थंड पडलेल्या रुळापाशी पडत होती. खोकं उचलून नेणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं, कारण तो प्रश्न त्याच्या जागेवरून उपटून नेत होता. वायरमननं जोड आवळला, प्रिंटरला भिंतीतून स्वतंत्र सॉकेट दिलं, यूपीएसला नवी बॅटरी घातली. तीही एकामागून एक, प्रत्येक वेळी नोंद करत. रजिस्टरातल्या नोंदी विरळ झाल्या आणि मग थांबल्या.

या शोधात मला सर्वांत जास्त लागलं ते रजिस्टरमधलं दुपारचं माणूस. सकाळच्या गर्दीत येऊ शकणारे लोक पुढे असतात: सायकल-मोटरसायकलवाले, तरुण, ज्यांना लवकर निघता येतं ते. दुपारी उन्हात येतात त्या घरचं सगळं आवरून निघालेल्या बाया, कामावरून अर्धा तास मागून आलेले मजूर, गर्दीत उभं राहता न येणारे म्हातारे. यंत्रात भेदभाव नसतो, पण रूळ थंड होण्याच्या नियमानं बिघाड त्यांच्याच वाट्याला येत होता. आणि त्यांची तक्रार कुणापर्यंत पोचत नव्हती, कारण सकाळच्या लोकांच्या मते केंद्र अगदी छान चाललेलं होतं.

आमच्या छत्तीसगडनं अशा टेबलांवरच्या संगणकांवर फार मोठा विश्वास टाकला आहे. २००७-०८ च्या हंगामात इथे धानखरेदी संगणकावर आली. सहकारी संस्थांच्या दीड हजारांहून अधिक केंद्रांवर यंत्रं बसली, शेतकऱ्याच्या धानाचं वजन नोंदून त्याचा धनादेश तिथल्या तिथे छापला जाऊ लागला. जिथे नेटवर्क नव्हतं, तिथली माहिती पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मोटरसायकलवरचे रनर पुढच्या ठिकाणी पोचवत. मला त्या रनरांचं फार कौतुक वाटतं. तार तुटलेली आहे हे मान्य करून, नोंद मात्र तुटू द्यायची नाही, यासाठी माणसं उन्हातान्हातून हिंडत होती. व्यवस्था टिकते ती अशा माणसांमुळे.

आणि हे शहर? तीही एक नव्यानं केलेली सुरुवातच. १ नोव्हेंबर २००० ला राज्य झालं तेव्हा राजधानीला मंत्रालयाची इमारत नव्हती. जुन्या रायपुरातलं दाऊ कल्याणसिंग यांच्या नावाचं रुग्णालय, ज्याला सगळे डीकेएस म्हणतात, त्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं. जिथे खाटा होत्या तिथे फायली आल्या. २०१२ मध्ये मंत्रालय नव्या रायपुरात महानदी भवनात गेलं आणि पुढे त्या जुन्या इमारतीत पुन्हा रुग्णालय सुरू झालं. मी तात्यापाऱ्यात वाढलेली, त्यामुळे या घटनेचं मला आजही समाधान वाटतं. ती वास्तू ज्या कामासाठी दिली गेली होती ते काम कुणीतरी लक्षात ठेवलं होतं, आणि मधल्या साऱ्या घालमेलीनंतर ती तिथून पुढे सुरू झाली. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांच्या बाबतीतही आपण इतके जागरूक राहिलो का, हा प्रश्न मला आमच्या रुंद रस्त्यांवरून फिरताना पडतो. नकाशा नवा आखला जातो तेव्हा जुन्या पाऊलवाटा, तळ्याकडे येणारे पाण्याचे उतार, कोण कुठल्या वाटेनं बाजाराला जायचं, हे सगळं एका फटक्यात पुसता येतं. मग पावसाळ्यात पाणी नको तिथे साचतं, दुपारी एखादी बाई भर उन्हात सहापदरी रस्ता ओलांडत असते, आणि आपल्याला कारण सापडत नाही.

नव्यानं सुरुवात करण्याचं आपल्याला फार आकर्षण आहे. योजना फसली की नव्या नावाची योजना, अभ्यासक्रम जमला नाही की नवा अभ्यासक्रम, माणसांचं पटलं नाही की नवी माणसं. मी नव्या सुरुवातीच्या विरुद्ध नाही. कधीकधी हातातलं सगळं टाकून पुन्हा उभं राहणं हाच शहाणपणा असतो, चंद्रावर उतरताना तो होता. माझा आग्रह एवढाच, की मागच्या वेळी आपण कुठे आणि कशानं थांबलो हे लिहून ठेवल्याशिवाय पुढचं बटण दाबू नये. दुःखातून उठणाऱ्या माणसालाही मी हेच सांगेन. लगेच सावरलास, कामाला लागलास, चांगलं केलंस. पण दर उन्हाळ्यात, दर रिकाम्या दुपारी तेच होत असेल, तर दोष तुझ्या मनात नसेल. तुला वीज पुरवणाऱ्या कुठल्या तरी जुन्या, सैल जोडात असेल. तो पाहायला थोडं थांबावं लागेल, आणि तुला तुझ्या घरातून, तुझ्या माणसांतून उचलून दुसरीकडे नेऊन तपासल्यानं तो दिसणार नाही.

आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, शहरातल्या छोट्या दुकानांतल्या बाकांवर आज हजारो मुलं संगणकदुरुस्ती शिकत आहेत. त्यांना पहिल्या आठवड्यात फॉरमॅट मारायला शिकवतात, कारण ते लवकर येतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. मला वाटतं, त्याआधी त्यांना नोंद वाचायला शिकवावी, नोंद ठेवायला शिकवावी, आणि यंत्र जिथे बिघडतं तिथे जाऊन बसायला शिकवावं. मल्टिमीटर स्वस्त आहे, वही त्याहून स्वस्त. महाग आहे तो वेळ, आणि तो देण्याची तयारी ही कारागिराची खरी हत्यारपेटी. टेबलापलीकडे बसलेल्या म्हातारीला संगणकातलं काही कळत नाही, पण तिचा प्रश्न बिनचूक असतो. काय झालं, हे तिला हवं असतं. तिच्या वेळेवर, तिच्या पायपिटीवर आपण आपली व्यवस्था उभी केली आहे, तर त्या प्रश्नाचं खरं उत्तर देता येईल इतकं काम आपण करायलाच हवं.